लाईन हाये काय?

मले फोनवर 'लाईन' म्हणू नका, आधीच सांगून ठेवतो. आपल्या इथी वीज म्हंजे लाईन, रांग म्हंजे लाईन, अन् पोरीच्या मांगं फिरणं म्हंजेबी लाईनच. ह्या एका शब्दापायी माह्या लहान्या भावाचा, मारोतीचा, जीव गेला असता.

मी गावातल्या दुकानात युरिया घ्याले उभा होतो. डोक्यावर जुना पंखा असा खडखड करत होता, का फोनवर वरडून बोला लागे. तेवढ्यात वावरातून मारोतीचा फोन आला.

"दादा, लाईन हाये काय?"

माह्यापुढं एकच माणूस होता. मी म्हटलं, "नाई रे, बिलकुल लाईन नाई."

"पक्कं?"

"अबे, डोळ्यानं पाहून राह्यलो!"

"मंग मोटरीची वायर तुटली हाये, थे जोडून टाकतो," तो म्हणाला, अन् फोन कटला.

मी वर पाह्यलं. पंखा गरगर फिरून राह्यला होता. अन् गावाची, वावराची लाईन त एकच!

तीनदा फोन लावला. रिंग जाये, पण तो उचलेच ना. युरिया तिथीच सोडला अन् गाडी वावराकडं पळवली.

मारोती वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून होता. वायर पुढं पडली होती.

"हात लावला काय?"

"वाकलोच होतो, दादा. मंग ध्यानात आलं, तुह्या फोनात पंखा खडखड करत होता. लाईन नाई, त पंखा कसा फिरते?"

मले असा राग आला! "मंग माहा फोन काऊन नाई उचलला बे?"

त्यानं दोन्ही हात माह्यापुढं धरले.

"उचलता येत नव्हता. पाहाय, अजून थरथर कापून राह्यले."