आखणीच्या वेळी कोणी बोलत नाही

बायजाबाई : ...चहा नको तर नको, पाणी तरी घे गो. पेणवरनं उन्हात आलीस.

प्रतिक्षा : पाणी प्यायला नाय आले मी, मावशी. तुमच्या वकिलाचा कागद सरकारी वकिलांनी मला वाचून दाखवला. उद्या अलिबागच्या कोर्टात शिक्षा सांगायच्या आधी तुम्हाला बोलू देणार. तुम्ही म्हणणार, माझा नवरा तुमच्या निकेशला चिडवायचा, म्हणून त्यानं गणपतीच्या कारखान्यात गोळ्या घातल्या.

बायजाबाई : वकील बोलला, कायतरी कारण असलं तर फाशी टळल.

प्रतिक्षा : चार माणसं मेली तिथं. माझ्या धनेशचंच नाव का?

बायजाबाई : तेवढंच येत होतं मला. घरी आला की धनेश, धनेश. धनेशनं डब्यातली भाकरी दिली, धनेश लाल रंग माज्यापेक्षा चांगला लावतो. बाकीच्या तिघांची नावं मला पेपरात कळली.

प्रतिक्षा : म्हणजे मैतर होता म्हणून.

बायजाबाई : व्हय.

प्रतिक्षा : आणि चिडवलं कधी?

बायजाबाई : त्याच दिवशी सकाळी. निकेश गणपतीचे डोळे काढत होता तवा.

प्रतिक्षा : मावशी. डोळ्यांच्या आखणीला बसलेल्याशी कोण बोलतं? मालक आला तरी पंखा बंद करून गुपचूप पुढं जातो. चहा बाजूला ठेवतात, हाक पण मारत नाय.

बायजाबाई : मला शिकवतेस? वीस वर्सं मूर्ती घासल्यात मी तिथं.

प्रतिक्षा : मग?

बायजाबाई : मग काय. उद्या तोंडातनं निघतंय का बघू दे. तू वकील हो. विचार.

प्रतिक्षा : मी विचारू?

बायजाबाई : दुसरं कोण हाय घरात?

प्रतिक्षा : ...त्या सकाळी काय झालं?

बायजाबाई : धनेश माज्या पोराला बोलला.

प्रतिक्षा : काय बोलला?

बायजाबाई : बोलला... तुजा हात थरथरतो.

प्रतिक्षा : किती गणपती झाले होते तोवर?

बायजाबाई : एकतीस.

प्रतिक्षा : एकाचा तरी डोळा चुकला होता?

बायजाबाई : नाय.

प्रतिक्षा : मग दुपारी तो इथं गावात, जित्याला आला, घरातली रानडुकरांसाठीची बंदूक घेतली...

बायजाबाई : आदी जेवला. भात परत मागून घेतलान. मी बोलले, बंदूक कशाला रं? तर बोलला, मालकाच्या शेतात डुकरं शिरतात, उद्या आणून देतो. कपाटाची किल्ली मीच दिली. हे वकील विचारणार नाय. तू पण विचारू नको.

प्रतिक्षा : नाय विचारत.

बायजाबाई : तुरुंगात भेटायला गेलते. बोलले, बाबा, का रं? तर बोलला, आई, मला कळलं की पयलं तुलाच सांगीन. जेवण बरं असतं, बोलला.

प्रतिक्षा : मग तेच सांगा ना उद्या.

बायजाबाई : तेवढ्यावर फाशी देतील गो.

प्रतिक्षा : देतील. नाय पण देणार. मला त्यातलं काय कळत नाय. द्यावी का तेही कळत नाय. रोज वेगळं वाटतं. पण पोरीला शाळेत विचारतात, तुज्या बापानं त्याला काय केलं होतं? ती घरी येऊन मला विचारते. मी काय सांगू?

बायजाबाई : परत विचार. पयल्यापासनं.

प्रतिक्षा : त्या सकाळी काय झालं?

बायजाबाई : निकेश आखणीला बसलेला. कोण कायपण बोललं नाय त्याला.

प्रतिक्षा : धनेश?

बायजाबाई : धनेशनं चहा आणून बाजूला ठेवलान नि गेला.

प्रतिक्षा : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बायजाबाई : निकेशनं. भात खाता खाता.

प्रतिक्षा : मग मारलं का?

बायजाबाई : ठाव नाय, साहेब. मला ठाव नाय.

(बायजाबाई उठून पाणी आणते, प्रतिक्षाच्या बाजूला ठेवते.)

बायजाबाई : असंच बोलीन उद्या. झालं ना तुजं काम?

प्रतिक्षा : झालं.

बायजाबाई : मग बसलीस का अशी?

प्रतिक्षा : बोलायला पाहिजे होता.

बायजाबाई : कोण?

प्रतिक्षा : धनेश. काहीतरी. निदान कारण तरी कळलं असतं.