करिअरसाठी कॅरिअर

सायकलींचा विषय निघाला म्हणून मोशीतले माझे शेजारी दत्ताभाऊ आठवले. तळवड्याच्या कंपनीत ते कायम होण्याच्या बेतात होते, पण गेटवर वारंवार उशीर होई. गिअरची नवी सायकल परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी जुनीलाच बारीक टायर बसवले आणि वजन घटवण्यासाठी मडगार्ड, स्टँड, कॅरिअर काढून टाकले. सायकल खरोखर पळू लागली. मात्र त्याच कॅरिअरवर बसून सुनीतावहिनी वाटेतल्या आपल्या वर्कशॉपपर्यंत जात असत. दोन खोल्यांच्या भरल्या घरात नवराबायकोला मोकळेपणी बोलायला तेवढाच रस्ता मिळे.

"यांनी करिअरसाठी कॅरिअर काढलं!" वहिनी म्हणाल्या. आम्ही सारे हसलो. लोकोक्तीतला विनोद आधी ऐकू येतो, गाऱ्हाणे मागाहून, हा माझ्या अभ्यासातला जुना अनुभव इथेही खरा ठरला.

दत्ताभाऊ कायम झाले. त्याच आठवड्यात त्यांनी कॅरिअर पुन्हा बसवले, वर उशीही बांधली. "चल, बस. आता थोडा उशीर झाला तरी चालतंय की."

वहिनींनी उशी चाचपून पाहिली. "छान केलंत हो. पण बसमध्ये मैत्रिणी माझी जागा धरून ठेवतात. त्यांना आता नाही कसं म्हणू?"