आरती, पण हळू

आता तुम्हीच सांगा, कानठळ्या बसल्याशिवाय देवाला आरती पोचत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय? मला पोथी वाचता येत नाही ते सोडा, मी दुसरीतून गुरं राखायला गेलो तो परत शाळेत आलोच नाही, पण दुकानाच्या या बाकड्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी वाचली असेल ना? नाही ना? मग आमच्या गोकुळदासाला कुणी सांगितलं? गोकुळदास म्हणजे माझा थोरला भाऊ, अख्खं पार्से गाव ओळखतं, माणूस लाखमोलाचा, पण गळा… गळा म्हणजे तुम्हाला सांगतो, तो अंगणात नुसता खाकरला तरी पलीकडच्या वाड्यावरची कुत्री उठून बसतात. आणि त्या गळ्याच्या जोडीला हातात कासाळं! ह्या एवढाल्या पितळेच्या झांजा, परातीसारख्या! एक दणका दिला की तुळशीवरचा कावळा उडतो तो थेट कोरगावला उतरतो. मी आपला गप्प. साठ वर्षं ऐकतोय, माझे कान त्याच मापाचे झालेत. माझं काही नाही हो. प्रश्न गौरवीचा.

गौरवी म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, प्रज्योतची मुलगी. सहा वर्षांची आहे आणि बोलत नाही. एक शब्द नाही. ऐकू येतं, अहो, ऐकू येतं म्हणजे काय, पलीकडच्या खोलीत मांजरानं जांभई दिली तरी हिला कळतं! म्हापशाच्या डॉक्टरानं तपासून कागद लिहून दिला, तो आमच्या सूनबाईनं वाचला, शुभांगीनं, आणि दोन दिवस जेवली नाही. मी विचारलं, काय लिहिलंय गे? तर म्हणाली, "मतिमंद लिहिलंय, बाबा." आता मला सांगा, जी पोर वीस नारळ सोप्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडते, आणि मी गंमत म्हणून मधले दोन गुपचूप बदलले तर येऊन परत जागच्या जागी ठेवते, वर माझ्याकडे अशी बघते की मीच लाजावं… ती मंद? मग मी कोण? पण तो डॉक्टर तोंडी जे म्हणाला ते बरं होतं. म्हणाला, "आजोबा, आपल्या कानांना दार असतं, आपण ते लोटून घेतो. हिच्या कानांना दारच नाही. सगळं एकदम आत येतं." हे मला पटकन कळलं. आमच्या गोठ्याला पण दार नाही.

आणि हे वर्ष तरी कसलं! फेब्रुवारीत तो भाषेचा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली आणि आमच्या घरात दोन तट पडले. गोकुळदास मराठीवाला, आणि आमचा पुतण्या गुरुदास, मधल्या भावाचा मुलगा, तो कोंकणीवाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जेवायला एका पंगतीत, पण 'मीठ दे' म्हणायचं नाही. मी मध्ये बसायचो आणि मीठ इकडून तिकडे द्यायचो. गोकुळदास छाती ठोकून सांगायचा, "चेडू पयलो शब्द मराठीच उलयतला!" की तिकडून गुरुदास भिंतीला सांगायचा, "कोंकणी! आवयची भास ती!" आणि चेडू, आमची पोर? दोघांकडे पाठ करून नारळ मांडतेय. मग मे महिन्यात गोव्याचं वेगळं राज्य झालं, फटाके फुटले, गौरवी दोन दिवस पलंगाखाली. आता एवढीशी पोर एकटी कशी ठेवायची? म्हणून मीपण पलंगाखाली. लोक विचारतात, राज्य झालं तेव्हा तू कुठं होतास? काय सांगू? मी आपला गप्प.

तर गेल्या वर्षी गणपतीच्या चवथीला काय झालं… पूजा झाली, दुपारी सगळे उभे राहिले, गोकुळदासानं कासाळं उचललं आणि दिला पहिला दणका! आणि पोर अशी किंचाळली, अशी किंचाळली, कान दाबून धावली ती समईवर, समई कलंडली, तेल सांडलं, म्हाताऱ्या बायका देवा देवा करायला लागल्या. आमची थोरली वहिनी, पद्मावती, गोकुळदासाची बायको, मनानं वाईट नाही हो, पण ती म्हणाली, "भावजी, चेडवाक मात्शें भायर घेवन वचा. देवासमोर अशें बरें न्हय." मी घेऊन गेलो. बागायतीत नेऊन जांभळीखाली बसलो. घरातून आरती ऐकू येत होती, तिचे हात तिच्या कानांवर आणि माझे हात तिच्या हातांवर. संपल्यावर आलो तर शुभांगीचे डोळे लाल. म्हणाली, धूर गेला. चूल केव्हाची विझली होती. मी आपला गप्प.

यंदा चवथीच्या आठ दिवस आधीच वहिनीनं ठरवून टाकलं, आरतीच्या वेळी पोरीला शेजारी ठेवू या. प्रज्योत काकापुढे बोलत नाही, तो माझ्यावर गेलाय. आणि शुभांगी मला विहिरीवर गाठून म्हणते, "बाबा, मी हिला घेऊन दिचोलीला जाते माहेरी. गणपती झाले की येईन. तुम्हाला कुणाला त्रास नको." अगदी साधं बोलली, कळशी भरता भरता. मला रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सून माहेरी, नात माहेरी, आणि आम्ही इथं देवासमोर नेवऱ्या-मोदक खायचे? माझी बायको, देवकी, मला म्हणाली, "तोंड उघडा हो एकदा तरी, लग्नापासून वाट बघतेय!" आता ह्या वयात कुठून आणायचं तोंड?

आणि दुसऱ्याच दिवशी काय झालं ऐका. गुरुदासानं आपलं घुमट अंगणात उन्हाला ठेवलं होतं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं, चवथीआधी ऊन दाखवलं की चामडं ताठ होतं. गौरवी गेली, शेजारी आडवी झाली आणि त्या उघड्या तोंडाला कान लावून पडली. गुरुदासाला काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं चामड्यावर हळूच बोटं टेकवली… धुंऽऽ. मला वाटलं, आता किंचाळते! मी पळायच्या तयारीत. तर पोर हसली! अहो, महिन्यातून एकदा हसते ती, तेसुद्धा कोंबडीकडे बघून! त्यानं परत वाजवलं, धुंऽऽ… परत हसली. शुभांगी पेठेतून आणलेली भाजी हातात धरून तशीच उभी.

मग मी गेलो गोकुळदासाकडे. तो स्टुलावर चढून माटोळी बांधत होता, देवाच्या डोक्यावर रानातली फळं टांगतात ना आपल्याकडे, ती. हातात लालबुंद कवंडळ. मी म्हटलं, "दादा, यंदा कासाळां नाकां."

"कितें नाकां?"

"कासाळां. फक्त घुमट. आणि… हळू."

"हळू म्हणजे कशें?"

"तू वासराक बोलवतस तशें."

स्टूल हललं हो! "अरे कृष्णनाथा, आरती रे ती! लोक म्हणतले, ह्यांच्या घरात कोण मेलां काय!"

आता माझं तोंड उघडलं होतं, बंद कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "दादा, देवाचे कान बघ. सुपाएवढे! त्याक हळू म्हटलेलां आयकूक येता. तुजो गळो तो रोज सोसता तो त्याचो चांगुलपणा. माझ्या नातीचे कान पण तसलेच. ती देवाच्या घरात बसतली नाय तर मी पण बसचंय नाय. मी जांभळीखाली बसतंय, माझी नेवरी थंयच पाठव."

एवढं लांब मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. आणि तेवढ्यात दारातून गुरुदास म्हणतो, "काकाचें बरोबर." गोकुळदास गर्रकन वळला, "तू मधीं उलयू नाका!" झालं! सहा महिन्यांनी पहिल्यांदा बोलला त्याच्याशी. मग कवंडळ बांधलं, स्टुलावरून उतरला, आणि म्हणाला, "एक आरती. रडली की भायर."

काल चवथ. घरात सत्तावीस माणसं. पोराटोरांना दम भरला, टाळ्या वाजवायच्या तर दोन बोटांनी. गौरवी माझ्या मांडीवर, हात कानांच्या जवळ, अजून कानांवर नाहीत. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात, एक पाय आत, एक बाहेर, हाक आली की पोरीला उचलून पळायचं. आणि गोकुळदासानं सुरू केली आरती… हळू! अहो, तुम्ही बघायला हवं होतं! गळ्याच्या शिरा दोरीसारख्या, डोळे बाहेर, तोंड लाल, मोदकाच्या भांड्याचं झाकण थडथडतं ना वाफेनं, तसा नुसता थडथडत होता, पण आवाज बाहेर सोडला नाही! गुरुदासाचं घुमट, धुंऽऽ… धुंऽऽ… आणि सत्तावीस माणसं कुजबुजतायत. शेजारचा विठू धावत आला, दारातून विचारतो, "सगळीं बरीं आसात ना? आवाज नाय म्हणून इलंय!" वहिनीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

आणि गौरवीचे हात खाली आले. खाली आले ते आलेच. मांडीवरून घसरली, गुरुदासापाशी गेली, घुमटाला गाल लावून उभी राहिली. किंचाळी नाही, धावणं नाही. समई जागच्या जागी. आरती संपली. शुभांगीनं दाराबाहेरचा पाय आत घेतला.

आता इथं गोष्ट संपली असती तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. आरती संपली तसं घुमट थांबलं. पोर बघते, हे काय? गेली, गुरुदासाचा हात धरला आणि ठेवला चामड्यावर. वाजव! सगळे हसले, गुरुदास म्हणाला, "काका, आणि एक जावंदी." गोकुळदास खूश! दुसरी म्हटली. परत हात. तिसरी. परत हात. गोकुळदास म्हणतो, "बघ, बघ, पोरीक आरतीचो नाद आसा, माझ्यार गेली!" तो आता एकदम रंगात, देवाच्या संपल्या तर देवीच्या, देवीच्या संपल्या तर दत्ताच्या, आठवतील तेवढ्या, सगळ्या कुजबुजत! गुरुदास शब्द पुरवतोय, गोकुळदास चाल धरतोय, भाषेबिषेचं नाव नाही. पाचवीला पोरं भिंतीला टेकली. सहावीला भाज्यांचं खतखतं निवलं. दोन वाजून गेले, आणि वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणते, "भावजी, पायां पडतंय, चेडवाक मात्शें भायर घेवन वचा, भुरगीं उपाशीं आसात!"

मी म्हटलं, "वहिनी, चेडू काय एक अक्षर बोलत नाय. आरती तुमचो घोव म्हणता. त्याक भायर घेवन वचा."

अडीच वाजता जेवलो. गोकुळदासाचा गळा साफ बसलाय, इतकं हळू गायची सवय नाही ना त्याला, ओरडून कधी बसला नाही तो कुजबुजून बसला! आज सकाळपासून खुणा करतो. आणि सोप्यावर गौरवी बसलीय, मांडीवर घुमट घेऊन, गुरुदास उठायची वाट बघत… तर ते असो, ती खडीसाखर बांधा बघू, तेवढ्यासाठी आलो होतो. पाव किलो? नको, एक किलोच बांधा. आमचा गणपती पाच दिवसांचा आहे हो!