करंडकावरची शहाऐंशीची ओळ

...नाही मॅडम, ते तुमचं मत झालं, आणि मताला काय, पुण्यात प्रत्येकाकडे दोन असतात — एक घरात वापरायचं, एक चारचौघांत. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय कुरकुरतो, ही खुर्ची घ्या. तर आपलं म्हणणं काय, की कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये शहर विभागाला उगाच डोक्यावर घेतात. नाव मोठं, लक्षण खोटं. बरं. ऐकलं. पण हे आपण बोलताय कुठं? कसबा पेठेत. आणि कुणापुढं? या आनंदीबाई करंडकावर जिंकणाऱ्याचं नाव घालणाऱ्या मेहबूबपुढं. अठ्ठ्याहत्तर ते ऐंशीच्या पहिल्या तीन ओळी आमच्या अब्बांच्या हातच्या, शमशुद्दीन म्हणजे अख्ख्या पेठेत अक्षर — लग्नाच्या भांड्यांवर नाव घालावं तर त्यांनीच — आणि एक्क्याऐंशीपासून मागच्या वर्षापर्यंतच्या सगळ्या माझ्या. तेव्हा आपण मोजूनच घ्या ना. एकतीस वर्षं. शहर बावीस वेळा, नाशिक सहा, नगर तीन. ग्रामीण? तुमच्या ग्रामीणचं खातं काल उघडलं, त्याबद्दल अभिनंदन, पेढे आणले असते तर मी घेतले असते.

आता कुणाला उगाच डोक्यावर घेतात म्हणाल, तर नाशिकला. सगळे म्हणतात, नाशिकच्या मुली उंच. अहो, उंच विजेचे खांबही असतात, त्यांना कुणी पास देत नाही. आणि नगर — नगरवाल्यांची शिस्त. आठची मॅच, सव्वासातला हजर, ओळीनं बॅगा मांडलेल्या, ओळीनं बुटाच्या नाड्या, आणि मग त्याच शिस्तीनं वीस गुणांनी हरायचं. तुमच्या ग्रामीणचं काय सांगावं, वर्षभर मातीवर खेळायचं, सारवलेल्या मैदानावर, आणि इथं सिमेंटवर आलं की पहिली दहा मिनिटं घसरण्यात. शहराला मात्र सगळं हातात — सिमेंट, कोच, मध्यंतराला सोललेली केळी. सोललेली. म्हणून जिंकतात. मी स्वतः खेळलोय का? नाही, मी बास्केटबॉल आयुष्यात एकदाच हातात धरला, तोही हवा गेलेला. पण न खेळता बोलणं हाच तर आमच्या शहराचा मुख्य खेळ, त्यात आमचा विभाग कुणालाच ऐकत नाही.

चहा घ्या, निवतोय. आमच्या बायकोनं, नूरबानूनं, आलं घालून पाठवलाय, बाई दुकानात आल्या म्हणून, नाहीतर मला एकट्याला ती बिनआल्याचा पाठवते. आणि तेवढा अंगठा काढा करंडकावरून, चांदीचा मुलामा आहे, घामानं डाग पडतो. हं, आता कागद. 'ग्रामीण विभाग, २००९, प्रथमच विजेते.' समितीनं लिहून दिलंय? 'प्रथमच' घालायचं म्हणतात, घालू. का, कपाळाला आठी का? शब्द बरोबर आहे की. आत्ता तर मोजले आपण. ह्या पोटावर 'ग्रामीण' कुठं दिसतं का सांगा — नाही ना. मग. करंडक खोटं बोलत नाही.

काय? अंगठा होता ती ओळ? शहाऐंशीची. बघा, बाईमाणसाचं लक्ष कसं असतं, आजवर कुणाला दिसलं नाही. हो, हललंय. 'शहर' बघा कसं ठोसर बसलंय, आणि पुढचं 'विभाग' एखाद्या थरथरत्या म्हाताऱ्याच्या सहीसारखं. त्याचं असं झालं — तेव्हा पद्धत निराळी होती. आतासारखं नव्हतं, की स्पर्धा संपली, मग आठवड्यानं कुणीतरी करंडक पिशवीत घालून आणून द्यायचा. तेव्हा नाव जागेवर घालायचे. फायनलला गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाच्या टोकाला मी बसायचो, मांडीवर उशी, उशीवर करंडक, हातात छिन्नी. शिट्टी वाजली की नाव घालायचं आणि ताजं नाव असलेला करंडक पाहुण्यांच्या हातात द्यायचा. लोकांना मौज वाटायची. ती पद्धत मग बंद केली. कुणी म्हणजे मीच. त्याच वर्षी. का काय, कंटाळा आला. आता हे सांगण्यासारखं नाही, पण आपण विचारलंत म्हणून.

तर त्या वर्षी फायनलला शहर आणि ग्रामीणच्या मुली. पाहुणे कुणी बडे गृहस्थ, त्यांना साडेसहाला कुठल्यातरी रिसेप्शनला जायचं होतं, दर दोन मिनिटांनी मनगट बघत होते. तीन मिनिटं उरली, शहर सत्तेचाळीस, ग्रामीण अडतीस. नऊचा फरक, झालीच की मॅच. सेक्रेटरी आप्पासाहेब वाकून म्हणाले, मेहबूब, घाल नाव, पाहुणे निघतील. मी घेतलं घालायला. श, ह, र — आणि इकडं तुमच्या पोरींच्या अंगात आलं. मंचरहून टेम्पो भरून माणसं आली होती, फेटेवाली, डब्यांवर चमचे वाजवणारी, ती एकीच्याच नावानं ओरडत होती, श्यामे टाक, श्यामे टाक. सात नंबरची पोरगी. दोन वेण्या, पायात कापडी बूट, एकाला तर सुतळी बांधलेली. पाठोपाठ चार बास्केट, चारही तिच्या. सत्तेचाळीस-सेहेचाळीस. माझी छिन्नी जागेवर थांबली. 'शहर' लिहून झालेलं, काय करणार. 'शहर'चं 'ग्रामीण' होत नाही. घासून काढावं तर मुलामा जातो आणि खालचं पितळ दिसतं. मग शेवटचा चेंडू तिच्याकडं आला, मधल्या रेषेच्या जरा पुढून तिनं टाकला, आणि टेबलावरची घंटा वाजली, आणि चेंडू आत. जाळीला न लागल्यासारखा. पंच धावत टेबलाशी आले, म्हणाले, घंटा झाली तेव्हा चेंडू हातात होता की सुटला होता? सुटला असेल तर बास्केट, हातात असेल तर नाही. असा नियम आहे, आपल्याला ठाऊकच असणार. घड्याळ दिगंबरकडं होतं. दिगंबर म्हणाला, हातात होता. संपलं. शहर एका गुणानं.

अं? नाही, ते आपलं बरोबर आहे. घड्याळवाल्यानं घड्याळाकडंच बघायचं असतं. हो. दिगंबरची नजर काट्यावर होती. मग त्याला चेंडू कुठून दिसणार — आपण तर वकिली करायला हवी होती, मॅडम. आणि गुण लिहिणाऱ्या श्रीनिवासचं डोकं कागदात. ते तसंच असतं टेबलावर, खेळ बघायला कुणालाच सवड नसते. बघत होता तो एकच, ज्याचं काही काम नव्हतं. ज्याची छिन्नी थांबली होती. दिगंबरनं माझ्याकडं तोंड केलं, हळूच म्हणाला, मेहबूब, तू बघत होतास, सांग. आणि मी — मी करंडकाकडं बघितलं. अब्बा म्हणायचे, नाव घालताना चुकलास तर बोलत बसू नकोस, भांडं बदलून दे. आता चांदीचा करंडक मी कुठून बदलून देणार होतो? नवरा-नवरीचा तांब्या होता का तो? चारशे माणसं, पाहुणे मनगट बघतायत, आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम, आणि मांडीवर ते 'शहर'. भांडं बदलता येईना, म्हणून मी मॅच बदलली. म्हणालो, हातातच होता. दोन शब्द. दिगंबरनं तेच मोठ्यानं पंचांना सांगितलं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. आणि मी राहिलेलं 'विभाग' घालून टाकलं. टाळ्या वाजत होत्या, म्हणून हललं असेल. दर वर्षी हा करंडक माझ्याकडं यायचा, मी त्याच्यावर नवी ओळ घालायचो, आणि ह्या ओळीवर मऊ फडकं टाकून ठेवायचो, डोळ्यांसमोर नको म्हणून.

चेंडू सुटला होता. चांगला हातभर सुटला होता. मी बघितलंय. ती पोरगी रडली वगैरे नाही हं, तसं काही नाही. ती टोपलीकडं बघतही नव्हती, चेंडू टाकला आणि लगेच टेबलाकडं बघितलं, म्हणजे माझ्याकडंच. बघत राहिली. बरं, जाऊ द्या. जुनी गोष्ट, तेवीस वर्षं झाली, त्या पोरीची आता पोरं कॉलेजात असतील, तिच्या लक्षातही नसेल. एका मॅचनं काय होतं? बावीसचे एकवीस झाले असते, तरी शहर ते शहरच. हसू नका. हसला नाहीत? मला वाटलं हसलात. आणि हे मी आपल्याला का सांगत बसलो कुणास ठाऊक, नूरबानूला नाही सांगितलं कधी.

चला, कामाचं बोलू. विजेत्या संघाच्या नावाखाली मार्गदर्शकाचं नाव घालतो मी, ते ह्या कागदावर नाही. आपणच ना कोच? समितीनं शिपायाकडून पाठवायचं सोडून आपण स्वतः घेऊन आलात, मी तेव्हाच म्हटलं, एवढ्या लांब मंचरहून, एसटीनं, मांडीवर करंडक घेऊन. आणि दारातच विचारलंत, पूर्वीपासून तुम्हीच कोरता का. मी आपला खूष झालो. सांगा नाव. अक्षरं सुटी सांगा, कान जरा —

श्यामला.

...

म्हणून चहा तसाच राहिला होय.

नाही, बोलू नका काही. मला ऐकवणार नाही, आणि मी ऐकायला लायक — नको. तो कागद द्या इकडं. हे 'प्रथमच' मी खोडतोय, बघा. कागदावर खोडता येतं. त्याच्या जागी 'दुसऱ्यांदा' घालणार. समिती विचारेल, एकच ओळ आहे आणि दुसऱ्यांदा कसं, म्हणून. म्हणावं, कसबा पेठेत जाऊन विचारा, तो बसलेला असतो सकाळपासून, त्याला बोलायला आवडतं. आणि त्यांनी घासून काढायला लावलं तर मला बोलवू नका म्हणावं. उद्या अकराला करंडक तयार असेल.

आता निघा. आपण समोर बसलात तर माझा हात हलेल.