बस म्हणणारा पाहुणा

...अहो पण निदान आपल्या बाजूनं खावं की नाही माणसानं? एकच परात, भोवती आपण सगळे, ज्याच्या पुढ्यात जेवढा कुसकुस तेवढा त्याचा, हे काय कुणी शिकवावं लागतं? तुम्हाला सांगतो, हा मक्की, मानानं ‘सी मक्की’ म्हणायचं, कासाब्लांकाचा, स्वतःच्या मुलासाठी, बद्रसाठी, माझ्या घिझलानला मागायला आलेला, हातात रिवाजाप्रमाणे साखरेचे दोन सुळके आणि खजुराची पेटी... हा माणूस भोपळ्याच्या बाजूनं आत शिरला तो थेट माझ्या गाजरापाशी बाहेर निघाला! आणि तेही चमच्यानं. आम्ही फेझची माणसं, त्या वाफवलेल्या रव्याची तीन बोटांवर गोळी वळून खातो, आणि हा आपला ट्रकमध्ये वाळू भरल्यासारखा... आणि मी काय म्हणालो? म्हणालो, ‘घ्या ना सी मक्की, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत.’

आता मला खरं तर नकार द्यायचा होता. तोंडानं नाही हो, तोंडानं नकार द्यायला आम्ही काय कासाब्लांकाचे आहोत? आमच्या घरची रीत अशी, की मांस मधोमध, भाज्यांखाली, शेवटपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मग घरधनी ते तोडून एकेकाच्या पुढ्यात ठेवणार. आणि स्थळ आलेलं असलं, तर सगळ्यात मऊ तुकडा मुलाच्या बापापुढे ठेवला की झाला होकार. नाही ठेवला, तर चहा प्यायचा, आपली साखर उचलायची आणि चालू लागायचं. सकाळीच बायकोला सांगून टाकलं, ‘झोहर, आज त्याला तुकडा मिळणार नाही.’

‘अहो, पोरीला आवडलाय तो.’

‘पोरीला काय कळतं? त्याचा बाप बघ, जेवताना फोनवर बोलतो म्हणे.’

‘मला बघायला आलात तेव्हा तुमचे वडील आमच्या गादीवर घोरत पडले होते. आमच्या बाबांनी काढलं का तोंडातून अक्षर?’

आता फेझच्या माणसाचं घोरणं आणि यांचं जेवणं, ही काय तुलना झाली? पण बायकोपुढे बोलून दाखवा तुम्ही.

बरं, बाप तसा, निदान मुलगा? बद्र खाली मान घालून कुसकुसमधले बेदाणे वेचून बाजूला ठेवत होता. बेदाणे! ज्याला कांद्यात परतलेला बेदाणा चालत नाही, त्याच्या हाती मी मुलगी देऊ? तिकडे मक्कीची टकळी चालूच, ‘व्याही, तुमचं ताक जरा आंबट आहे हो, पण चालेल, चालेल, ओता.’ व्याही म्हणे! अजून मांसाला हात लागला नाही, आणि हा व्याही! आणि मी काय म्हणालो? ताक ओतलं आणि म्हणालो, ‘घ्या ना, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत.’

आणि मग घात झाला. त्यानं चमचा ठेवला, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘अल्हम्दुलिल्लाह. बस.’

बस! आमच्या परातीवर बसून पाहुणा बस म्हणतो? अहो, जन्माची खोड ती, डोक्याला विचारते थोडीच? तोंडानं म्हटलं, ‘वल्लाह, असं नाही चालायचं, एवढं तरी घ्यायलाच पाहिजे,’ आणि हात, माझाच हात हो, गेला भोपळ्याखाली, सगळ्यात मऊ तुकडा तोडला आणि ठेवला की त्याच्या पुढ्यात!

मागे घ्यावा म्हणेपर्यंत स्वयंपाकघरातून बायकांची आनंदाची आरोळी, लू-लू-लू-लू... झोहर दाराच्या फटीतून बघतच होती. आणि सगळ्यात वरचा सूर कुणाचा? आमच्या घिझलानचा. नवऱ्या मुलीनं स्वतःच गलका करायचा? काही लाज? मक्कीनं तेलकट हातांनी मला मिठी मारली. तो बद्र, दुपारभरात पहिल्यांदा मान वर करून हसला. बरा हसतो कार्टा. दाराआडून घिझलानही हसत होती, मग मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की बाबांनो, चुकून पडला तो तुकडा?

आणि मक्कीनं तिथंच भावाला फोन लावला, घास तोंडात तसाच, ‘अरे, फेझवाले चिक्कू म्हणतात ते साफ खोटं! मी बस म्हणालो, तरी यानं ऐकलं नाही. काय दिलदार माणूस!’

दिलदार. आमच्या खानदानात आजवर कुणाला हे नाव पडलं नव्हतं. आता शुक्रवारी त्याचे सगळे भाऊ येतायत, बायकापोरांसकट, दिलदार फेझवाला कसा दिसतो ते बघायला. उपाशीपोटी निघणार आहेत म्हणे.