चालकाच्या बाजूचं दार

संतोष : वहिनी, खरं सांगा. दादाला गाडीतून तुम्ही काढलंत?

मोहिनी : मी? भाऊजी, तुमच्या टेबलाजवळून जाताना मी ओढणी आवरून जाते. त्या इवल्या गाडीच्या तांदळाएवढ्या आरशाला धक्का लागला, तर तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही.

संतोष : मग तो सीटवरून गेला कसा? काल मी त्याला चिकटवला होता. आज सीटवर नुसता गोंदाचा डाग. ही तिसरी खेप.

मोहिनी : पहिल्या दोन वेळा तुम्हीच म्हणालात, गोंद जुना झाला असेल.

संतोष : म्हणून मेन रोडवरून नवा आणला. त्याच गोंदानं शेजारी दादाचा जोडीदार काळू चिकटवलाय, तो जागचा हललेला नाही. दादाच तेवढा निसटतो.

मोहिनी : ते असेच होते. सुट्टीवर आले तरी चहा घेऊन जावं, तर खुर्ची रिकामी. उशीवर डोक्याचा खळगा, आणि माणूस केव्हाच अंगणात.

संतोष : ‘होते’ म्हणालात.

मोहिनी : तुमच्याशी बोलताना ‘होते’ म्हणते. आईंसमोर ‘आहेत’. एकाच घरात मी दोन नवऱ्यांबरोबर राहते, भाऊजी. एक गेलेला, एक यायचा.

संतोष : रविवारी देवळालीहून दादाच्या तोफखाना युनिटची माणसं ही छोटी गाडी न्यायला येणार. ती काचेच्या पेटीत ठेवतील, खाली दोघांची नावं. काळूचं आणि दादाचं. मी काय चालकाची जागा मोकळी ठेवून देऊ?

मोहिनी : मोकळी दिसली तर बघणारा विचारेल, चालक कुठे गेला. दोन पावसाळे मी दुसरं काय विचारतेय?

संतोष : दरड आली, गाडी तोफेसकट नदीत गेली. काळू आत सापडला. दादा आतच होता, वहिनी, फक्त पाण्यानं त्याला पुढे नेलं. साहेबही तेच म्हणाले.

मोहिनी : साहेब हेही म्हणाले, की गाडी वर काढली तेव्हा चालकाच्या बाजूचं दार उघडं होतं. आईंनी त्यांच्या सगळ्या बोलण्यातून तेवढं दारच उचलून घरी आणलं. त्या दारातून आई रोज ह्यांना बाहेर काढतात आणि मी रोज पुन्हा आत बसवते. एका माणसाला दोघींनी किती दमवायचं?

संतोष : वहिनी... रोज बाहेर काढतात?

मोहिनी : हो. बोलता बोलता माझ्याही आत्ताच ध्यानात आलं.

(कुसाबाई देवघरातून येतात. उजवी मूठ मिटलेली.)

कुसाबाई : काय धुंडतो रे टेबलाखाली?

संतोष : आई, मूठ उघड.

कुसाबाई : का? चोर हाय का मी?

संतोष : तुझ्या हातात दादा आहे.

कुसाबाई : हाय ना. मग आईच्या हातात हाय. तुझ्या गाडीत काय ठेवलंय त्याचं?

मोहिनी : आई, तो बाहुला आहे.

कुसाबाई : बाहुला हाय, तर तुम्ही दोघं त्याला दादा न् ‘हे’ कशापायी म्हणता?

संतोष : काढून कुठे ठेवतेस त्याला?

कुसाबाई : देवापुढं, कापसात. मागल्या दोन खेपा सकाळी टेबलाखाली आणून ठेवला, आज नाय ठेवला. गाडीत गार लागतं. लोखंड लय गार पडतं.

संतोष : लोखंड कुठलं? प्लास्टिक आहे ते.

कुसाबाई : मला शिकवतो! गंजाचे ठिपके तूच रंगवले. चाकांना चिखल तूच लावला. पार खरी केली गाडी. खरी केली म्हणून तर भ्या वाटतं.

संतोष : नुसता हिरवा रंग दिला की खेळणं वाटतं, आई. थोडी माती कालवावी लागते त्यात.

कुसाबाई : मग खेळणंच करायचं होतं की!

मोहिनी : आई, इथे बसा. रविवारी ते लोक येतील. ह्यांना आत बसवायचं की नाही, ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात, तर गाडी जाणार नाही. पण एकदा काय ते सांगा.

कुसाबाई : आत बसवलं, दार लावलं, की झालं. मग तो आत होता असं ठरलं.

मोहिनी : आतच होते, आई.

कुसाबाई : तू पाहिलं?

मोहिनी : नाही पाहिलं. तेच तर. अंगणात पाऊल वाजलं की तुमचा चेहरा उजळतो आणि मी कडी नीट लागलीय का ते बघते. ते यावेत असं मला आता वाटत नाही, आई. यायचं असतं तर केव्हाच आले असते. आता जे कोणी येईल ते ओलं असेल, त्याला माझं नाव आठवणार नाही, आणि तरी मला दार उघडावं लागेल. नवऱ्याची अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

कुसाबाई : बोलून टाकलंस.

मोहिनी : टाकलं. रागवा हवं तर.

कुसाबाई : रागवू कशाला? मला वाटायचं, ह्या घरात एक मीच भिते.

मोहिनी : तुम्ही?

कुसाबाई : (मूठ उघडत) ह्याच्याकडं बघ ना. मोरीपाशी गेले तरी माझ्याकडं बघतो. ओट्यापाशी गेले तरी माझ्याकडंच. गाडी चालवणारा माणूस रस्ता सोडून आईकडं बघंल व्हय? मला वाटतं, काढ म्हणतो, आई काढ. मग मी कशी झोपू? सुरी घेते न् काढते.

संतोष : दे बघू इकडे. वहिनी, ते भिंग द्या... अरे देवा.

मोहिनी : काय झालं?

संतोष : आई बरोबर बोलतेय. तो खरंच बघतोय.

मोहिनी : भाऊजी, आता तुम्हीही?

संतोष : तसं नव्हे. मी इतकी वर्षं गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतोय. मूर्तीची बुबुळं अशी ठेवायची, की समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटावं, देव माझ्याकडेच बघतोय. हाताला तेच वळण. ब्रश टेकवला आणि हात आपोआप तिकडे गेला. चालकाला मी देवाची नजर देऊन बसलो.

मोहिनी : दोघांनाही?

संतोष : काळूलाही. हात तोच ना.

कुसाबाई : मग म्हणजे... तो बोलवत नव्हता?

संतोष : नाही, आई. मी तसा काढला होता.

कुसाबाई : बदलता येती नजर?

संतोष : केसभर सरकवायची. पांढऱ्याचा एक टिपका, काळ्याचा एक. पण एकदा रस्त्याकडे वळवली, की तू समोर उभी राहिलीस तरी तो तुझ्याकडे बघणार नाही.

कुसाबाई : गाडीवर असताना कुठं बघायचा? एकदा चांदवडच्या घाटात मी त्याला शेंगा सोलून देत होते. तर म्हणला, आई, आता बोलू नको, वळण हाय. लय राग आला होता मला तवा. वळव.

मोहिनी : आई, नक्की?

कुसाबाई : वळव म्हणते ना. त्याला त्याचं काम करू दे.

संतोष : कुणी बोलू नका. टेबलाला हात लावू नका... वहिनी, दिवा जरा अलीकडे. बास.

मोहिनी : झालं?

संतोष : बघा.

मोहिनी : हो. आता ते इथे नाहीत. म्हणजे, आहेत, पण निघालेले आहेत. आपण मागे राहिलोय, एवढंच दिसतंय त्यांच्या चेहऱ्यात. किती दिवसांनी नीट श्वास आला मला.

कुसाबाई : आण, मी बसवते. गोंद कुठं लावू? इथं?

संतोष : तिथेच. धरून ठेव थोडा वेळ. सोडू नकोस लगेच.

कुसाबाई : आता सोडायचंच हाय, संतोष. बसला बघ. स्टेरिंगवर हात बी आले.

संतोष : आणि दार? उघडं ठेवू, की...

कुसाबाई : लाव. पुढं घाट हाय.

मोहिनी : आई, रडा हवं तर. मी आहे.

कुसाबाई : रडू मग. हा बाजूला बसलेला कोण गं? इतके दिवस ह्याच्याकडं पाहिलंच नाय मी.

मोहिनी : काळू. पेठ तालुक्यातला.

कुसाबाई : त्याला माय हाय?

संतोष : नवसाबाई. युनिटनं त्यांनाही बोलावलंय रविवारी. थांब, ब्रश ओला आहे तोवर काळूचेही डोळे रस्त्याकडे करून टाकतो.

कुसाबाई : नको. ती लांबून येईल. त्याला तिच्याकडं बघू दे.