शून्यावरून चढलेली सुई

'चालतंय ना, मग झालं,' असं म्हणणाऱ्यांनीच आपल्याकडची यंत्रं वाया घालवली आहेत. मी तसं म्हणणार नव्हतो. उत्तरेत, गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर मी नदीची पातळी दाखवणारी मोठी तबकडी बसवली होती, पण स्टेपर मोटर टप्प्याटप्प्याने फिरत असल्यामुळे सुई झटके देत सरकायची. नावाडी हसायचे. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवून पावसाळ्यात नावा काढाव्यात, एवढंच मला हवं होतं.

आठ दिवस मोटर चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम बदलत बसलो. प्रत्येक टप्प्याचे बारीक तुकडे केले, सुरुवात आणि शेवट संथ ठेवला. सुई अगदी अलगद फिरू लागली.

नवव्या दिवशी सकाळी लाइट गेली आणि परत आली. लाइट आली की सुई आधी शून्यावर जाते आणि मग खऱ्या आकड्यापर्यंत चढते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझे पुरोहित काका तेव्हा खालच्या पायरीवर साताऱ्याच्या यात्रेकरूंना संकल्प सांगत होते.

"गुरुजी, पाणी चढतंय वाटतं," एक बाई तबकडीकडे बघत म्हणाल्या.

काकांनीही सुईच पाहिली. "उठा, आधी वर चला."

पंधरा माणसं ओल्या कपड्यांनी धडाधड पायऱ्या चढली. मी मागून सांगत होतो, "काका, पाणी होतं तिथेच आहे." कुणी ऐकेना.

नावेत बसलेला म्हातारा रामधनी मल्लाह म्हणाला, "सुई को तो अब सब मानते हैं, भैया. गंगाजी को ही कोई नहीं देखता."